भरारी पथकातला भाचा

विद्युत अभियांत्रिकीत एम.टेक. करणाऱ्या मुलाला महाराष्ट्रातलं एकही खेडं माहीत नसलं तरी चालतं, पण ‘३३ बस सिस्टीम’ माहीत नसेल तर त्याचं काही खरं नाही. ही सिस्टीम म्हणजे एका वीजवाहिनीचा कागदावरचा नकाशा. बरान आणि वू या दोघांनी १९८९ साली आपल्या निबंधात तो वापरला आणि तेव्हापासून जगभरची मुलं त्या एकाच वाहिनीचं कल्याण करत बसली आहेत. दाब १२.६६ किलोव्होल्ट, भार ३,७१५ किलोवॉट, वाटेत वाया जाणारी वीज सुमारे २०२ किलोवॉट. या वाहिनीवर कधी फांदी पडत नाही, डीओचा फ्यूज उडत नाही, मोटर जळाली म्हणून कुणी वायरमनच्या घरी जाऊन बसत नाही. कारण तिथं कुणी राहतच नाही. इतकी सेवा आणि तक्रार शून्य, असं गिऱ्हाईक दुसरं नाही.

कल्याणाची रीत ठरलेली आहे. त्या ३३ ठिकाणांपैकी, म्हणजे ‘बस’पैकी, कुठं कॅपॅसिटर बसवला तर गळती घटेल हे संगणकाकडून शोधून घ्यायचं, आणि शोधायला एखादा प्राणी जुंपायचा. प्राणी खरोखर लागतो. मुंग्या अन्न शोधतात तशी पद्धत १९९२ ची, कोकिळा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालते ती २००९ ची, वटवाघळाची २०१० ची, करड्या लांडग्याची २०१४ ची आणि देवमाशाची २०१६ ची. आपण नवा प्राणी आणायचा, २०२ किलोवॉटमधले चार-दोन किलोवॉट आधीच्या प्राण्यापेक्षा जास्त वाचवायचे आणि निबंध छापायचा. मी उशिरा पोचलो होतो. एकेक प्राणी तपासत झुरळापर्यंत खाली आलो, तर तेही कुणीतरी आधीच नेलेलं.

हे गाऱ्हाणं घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला. सरांनी चष्मा काढला की विद्यार्थ्याचं एक सत्र वाढतं असा आमच्या विभागातला अनुभव होता. “प्राणी राहू दे,” ते म्हणाले, “एखादा खरा फीडर मोजून आण.”

खरा फीडर म्हटल्यावर मला मामा आठवले. मामांचं रान वडगाव रासाईला. रासाईदेवीच्या नावानं ओळखलं जाणारं हे गाव शिरूर तालुक्याच्या काठावर आहे. भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. ऊस आणि मोटरी हे इथले मुख्य रहिवासी. पुण्याचं पाणी मुळा-मुठेतून वाहत येऊन वरच्या अंगाला रांजणगाव सांडसला भीमेला मिळतं. म्हणजे मी वसतिगृहात आंघोळ करून सोडलेलं पाणी मामांच्या उसाला माझ्याआधी जाऊन भेटत होतं. आता संशोधनही त्याच वाटेनं निघालं.

मामांची तक्रार जुनी होती: “लाईट येती, पण तिच्यात दम नसतोय.” त्यांची मोटर डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, सर्वांत लांब, ओळीच्या अगदी शेपटाला. आमच्या ३३ बसच्या नकाशात अठराव्या बसची हीच अवस्था असते. तिथं दाब ९१ टक्क्यांवर येतो आणि सगळे प्राणी तिच्यासाठी धावाधाव करतात. मामांकडे ४१५ व्होल्टच्या जागी साडेतीनशेही दिसत नसत, आणि धावणारं कुणी नव्हतं. यातलं शास्त्र सोपं आणि क्रूर आहे. इंडक्शन मोटरचा जोर दाबाच्या वर्गानं घटतो. दाब ८० टक्के झाला की जोर ६४ टक्केच उरतो. पंप मात्र आपलं काम मागतच राहतो, म्हणून मोटर जास्त करंट ओढते, तापते, आणि एक दिवस तिच्या पेटीतून जो वास येतो तो ओळखायला पदवी लागत नाही.

प्रयोगशाळेतून मोजणीचं यंत्र सही करून घेतलं. रजिस्टरमध्ये यंत्राच्या नावापुढं त्याची किंमत लिहिलेली होती आणि तिच्याखाली मी सही करायची होती. मला दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळायची. मनातल्या मनात भागाकार केला आणि बाकी उरलेलं आयुष्य सोडून दिलं. यंत्र म्हणजे एक पिवळी पेटी, दाबाच्या चार वायरी आणि करंट मोजायचे तीन चिमटे. पेटीत बॅटरी होती. ती केव्हाच मेली आहे हे तिनं सही करण्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं.

गावात पोचलो त्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची होती. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: शेतीला तिन्ही फेज चोवीस तास मिळत नाहीत. आठ-दहा तास मिळतात, आळीपाळीनं, काही दिवस उजेडात आणि काही दिवस अंधारात. बाकीच्या वेळी घरातले दिवे लागावेत पण शेतातल्या मोटरी फिरू नयेत अशी व्यवस्था असते. शेतकऱ्याला ही व्यवस्था कळते, म्हणूनच त्याच्या पेटीत कंडेन्सर असतो. तो दोन फेजांतून तिसऱ्याचा भास निर्माण करतो आणि मोटर त्या भासावर बिचारी फिरत राहते. तीन फेज बिघडले असता त्यांचा हिशोब कसा मांडायचा हे चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी १९१८ साली दाखवलं: कितीही वेडेवाकडे तीन फेज घ्या, त्यांची फोड तीन समतोल संचांत करता येते, आणि त्यांतला एक संच मोटरला उलटं फिरवू पाहतो. मी हे मामांना मोठ्या उत्साहानं समजावलं. मामा म्हणाले, “त्यो उलटा फिरवणारा संच आमी गेल्याच साली बदलून आणला. तांब्याचा भाव लई वाढलाय.”

रात्री पेटीला यंत्र जोडून आम्ही लाईटची वाट बघत बसलो. मामांकडे बॅटरी, काठी आणि मोबाईलवर मोठ्यानं लावलेली गाणी. गाणी करमणुकीची नव्हती. शिरूरच्या उसात बिबट्या आहे, त्यानं माणसं नेली आहेत, आणि रात्री दारं धरायला जाणारा माणूस आपण येतोय हे त्याला आधी कळवतो. दिवसा वीज द्या ही मागणी इथं सोयीसाठी नसते, जिवासाठी असते. हे मला पुण्यात माहीत होतं. उसाच्या कडेला अंधारात बसल्यावर ते वेगळ्या प्रकारे माहीत झालं.

मग उसात खसखसलं. डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली सर्वांत जवळची वाट काढायची पद्धत प्रसिद्ध केली. ती मी परीक्षेत चुकवली होती. त्या रात्री एकाही पायरीत न चुकता मामांच्या ओट्यापर्यंत वापरली. दुसऱ्या दिवशी कळलं की उसात शेजारच्या रानातले एक आबा होते. ते मोटरीकडे निघाले होते आणि माझी पळापळ ऐकून तेही उलट्या दिशेनं पळाले. गावात दुपारपर्यंत बातमी होती की बिबट्या दिसला, आणि यंदाचा दोन पायांवर पळतो.

मी ओट्यावर धापा टाकत असतानाच लाईट आली. आता इथं काय होतं ते समजून घ्या, कारण माझं सगळं संशोधन या काही सेकंदांवर उभं होतं. प्रत्येक मोटरीला ‘ऑटो’ बसवलेला असतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. मध्यरात्री उसातून बटण दाबायला कुणी जायचं? तेव्हा एकेकट्याच्या बाजूनं ऑटो हा शहाणपणाच आहे. पण सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. पाच एचपीची मोटर एरवी साडेसात अँपिअर घेते, सुरू होताना ४५ च्या घरात. एका डीपीवर अशा २० मोटरी धरा आणि सगळ्या एका दमात सुरू करा: ९०० अँपिअर. शंभर केव्हीएच्या डीपीची ऐपत १३३ अँपिअरची. वीस जणांचं शहाणपण एकाच क्षणी एकत्र आलं की डीपीवर निळा जाळ दिसतो, फट् असा आवाज होतो आणि मग बराच वेळ काहीच दिसत नाही.

नेमका हाच क्षण मला टिपायचा होता. तो जगातल्या कुठल्याही ३३ बसवर मिळत नाही. मी धावत यंत्राकडे परतलो. यंत्राची बॅटरी मेलेली असल्यामुळं ते त्याच लाईनवर चालत होतं. लाईट आली तेव्हा तेही गावातल्या मोटरींसारखं आपोआप सुरू झालं, पडद्यावर आधी आपल्या कंपनीचं बोधचिन्ह दाखवलं, मग भाषा कोणती हवी असं विचारलं, आणि मी ‘इंग्रजी’ दाबेपर्यंत फ्यूज गेला होता. मोजणीच्या फाईलमध्ये एकच नोंद सापडली: यंत्र सुरू झाल्याची वेळ. फाईल बंद झाल्याची वेळही नव्हती, कारण ती लिहायला वीज नव्हती.

मामा म्हणाले, “आता उद्या वायरमन येऊन फ्यूज बांधंल. चला झोपा.” मी विचारलं, “मामा, सगळ्यांनी ऑटो थोडे मागंपुढं लावले तर? एकाचा एका मिनिटानं, दुसऱ्याचा दोन मिनिटांनी?” हा उपाय पुस्तकात आहे, त्याला पैसाही फारसा लागत नाही. मामांनी माझ्याकडे कणवेनं पाहिलं. “लावू की. पयला कोण थांबणार ते तेवढं तुझ्या काम्प्युटरला इचार.”

पुढच्या आठवड्यात थ्री फेज दिवसा आली आणि मी बॅटरीचा नाद सोडून सर्वेक्षण करायचं ठरवलं. एक सुबक फॉर्म तयार केला. पहिला रकाना: शेतकऱ्याचं नाव. दुसरा: मोटरीचा मंजूर भार. तिसरा: प्रत्यक्ष भार. संशोधनाच्या दृष्टीनं तिसरा रकाना अत्यंत महत्त्वाचा होता, आणि गावाच्या दृष्टीनंही तो अत्यंत महत्त्वाचा ठरला. पाच एचपीच्या पाटीखाली साडेसातचं वेटोळं भरून घेतलेलं असू शकतं, आणि हे पाटीला व वेटोळं भरणाऱ्याला सोडून तिसऱ्याला कळायचं कारण नसतं. अशा मुलखात मी इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र अडकवून, डीपीखाली उभा राहून वर बघत काहीतरी लिहून घेत होतो.

“पाव्हणं कुठल्या हापिसचं?” एकानं विचारलं.

“मी विद्यार्थी आहे. संशोधन करतोय.”

“आसं,” तो म्हणाला, आणि गाडीला किक मारून इतक्या वेगानं गेला की धुरळा खाली बसेपर्यंत भरारी पथक आल्याची खबर नदीपर्यंत पोचली होती.

मला यातलं काहीच कळलं नाही. मी मामांच्या पेटीला यंत्र जोडलं, लाईट आली, बोधचिन्ह गेलं, इंग्रजी दाबलं, आणि पडद्यावर आकडा उमटला: ४०८ व्होल्ट. थोड्या वेळानं ४१०. मला वाटलं यंत्र बिघडलं. मामांना वाटलं मीटरवाल्या भाच्यानं काहीतरी जादू केली. पाईपातून पाणी असं फुटून पडलं की चारीचा बांध वाहून गेला. मामी धुणं टाकून बघायला आल्या. मामा पाण्यात पाय सोडून बसले आणि म्हणाले, “आसं पाणी आमच्या लग्नात होतं.”

संध्याकाळी उलगडा झाला. पथक आल्याचं कळताच कुठं काय काय बंद झालं, कुणी कोणती वायर गुंडाळून माळ्यावर टाकली, हे मी पाहिलं नाही आणि मला कुणी सांगितलंही नाही. मी फक्त व्होल्टेज पाहिलं. एवढं नक्की की मी डीपीखाली उभा असेपर्यंत वाहिनी पाठ्यपुस्तकासारखी वागली. तिन्ही फेज समान, दाब नियमात, फ्यूज शाबूत. जे दुखणं मोजायला मी आलो होतो ते मी आल्यामुळंच बरं झालं होतं, आणि माझ्याकडे आता रोग नसलेल्या रोग्याची खंडीभर मोजमापं जमत होती. खुद्द मामांनीही आपली मोटर फॉर्ममध्ये पाच एचपीची सांगितली. आवाजावरून ती पाचची नव्हती, पण मामा आवाजावर बोलले नाहीत आणि मी मामीच्या हातचं जेवत होतो.

यानंतर गावात माझ्याबद्दल दोन पक्ष पडले. डीपीजवळचे लोक मला बघून तोंड फिरवत. शेपटाकडचे लोक मला चहाला बोलवत. एका आजोबांनी तर माझ्या बसायला डीपीखाली बाज आणून टाकली आणि म्हणाले, “लेकरा, लिहू नको काय, नुस्ता बसत जा.”

इथवर निभावलं असतं. पण मी पारावर लॅपटॉप उघडला. मामांच्या मोटरीचा आलेख लोकांना दाखवावा, विज्ञानाचा प्रसार करावा, असा हेतू होता. करंटचा चिमटा वायरीला कोणत्या बाजूनं लावायचा याचा बाण त्याच्यावर छापलेला असतो. बाण मोटरीकडे हवा. माझा डीपीकडे होता. एवढ्यानं करंट उलटा मोजला जातो आणि शक्तीच्या आकड्याआधी वजाचं चिन्ह येतं. पडद्यावर मामांची मोटर वजा पाच किलोवॉट घेत होती.

“वजा म्हंजे?” कुणीतरी विचारलं.

“वजा म्हणजे वीज मोटरीकडून लाईनकडे चालली आहे,” मी सवयीनं खरं उत्तर दिलं आणि दिल्यावर थांबलो.

पार शांत झाला. मग एक जण हळूच म्हणाला, “म्हंजे लाईट आमी कंपनीला देतोय?” दुसरा म्हणाला, “तरीच इकडं राहत न्हाई.” तिसऱ्यानं हिशोबच मांडला: मामांची मागची थकबाकी वजा करून उरलेली रक्कम कंपनीकडून कशी वसूल करायची. चिमटा उलटा लागला आहे हे मी परोपरीनं सांगितलं. कुणी ऐकेना. “कॉलेजचं मशीन हाय,” ते मला म्हणाले, “त्ये कसं चुकंल? तू चुकशील एखाद वेळ.” आणि पाच किलोवॉटचा आकडा पाहून एक चौकस गृहस्थ पुटपुटले की पाच एचपी म्हणजे ३.७३ किलोवॉटच ना. मामांनी लॅपटॉप मिटवला.

पुण्याला परतून सरांपुढं मोजमापं ठेवली. सरांनी पुन्हा चष्मा काढला. ग्रामीण भागातला दाब समाधानकारक आहे, समतोल उत्तम आहे आणि शेतकरी वीज निर्माण करतात, असे माझे तीन निष्कर्ष निघत होते. शेवटी वडगाव रासाईला परिशिष्टात जागा मिळाली. मुख्य प्रबंध ३३ बसवरच झाला. मी कोकिळेला वटवाघळाचा थोडा अंश दिला आणि त्या संकरानं ३० व्या बसवर कॅपॅसिटर बसवून गळती कमी करून दाखवली. ३० व्या बसवर कॅपॅसिटर बसवावा हे सगळ्या प्राण्यांचं आधीपासून मत होतं. मला पदवी मिळाली. मामांची मोटर त्याच उन्हाळ्यात पुन्हा भरावी लागली.

वजाच्या चिन्हाबद्दल मात्र मला अलीकडे बरं वाटतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या प्रकल्पांतला एक शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला. शेतीच्या फीडरला सूर्याची वीज द्यायची, म्हणजे मोटरी दिवसा चालतील आणि रात्री उसात जावं लागणार नाही, असा तिचा विचार. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात प्रकल्पासाठी जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये ठरले. म्हणजे रानातून लाईनकडे वीज जाणं आता सरकारी धोरण आहे. माझा चिमटा तेवढा काळाच्या पुढं होता. परंतु सूर्य कितीही तापला तरी ऑटो सगळ्यांचे एकाच सेकंदाला लागतात, आणि शेवटच्या मोटरीचं व्होल्टेज पहिल्या मोटरवाल्याच्या मर्जीवर असतं, ही दोन कलमं त्यानं बदलत नाहीत. त्यावर उपाय करणारा प्राणी अजून निघायचा आहे.

तोवर माझा एक उपाय आहे. प्रयोगानं सिद्ध झालेला तेवढा हा एकच, आणि प्रबंधात मात्र तो नाही. ज्यांच्या गावात दाब कमी आहे त्यांनी अर्ज, मोर्चे, नवा डीपी वगैरे करत राहावं, पण मधल्या काळासाठी पुण्याहून एम.टेक.चा एक विद्यार्थी मागवावा. त्याला इस्त्रीचा शर्ट, तीन रकान्यांचा फॉर्म आणि डीपीखाली एक बाज द्यावी. विद्यार्थ्याला काहीही येत नसलं तरी चालतं. व्होल्टेज हमखास वाढतं.